बाबांचे ठसे सगळ्यांना खुले

१२ जानेवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. शाळा अर्ध्यात सुटली तरी तेवढं डोक्यात राहिलं. पण लिहायला बसलो आणि पेन तिथेच अडलं, म्हणून नुसतं दादा. तेही तोंडात बसलंय म्हणून.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास. घरी पाठवलं तर वहिनी न वाचता फाडणार. म्हणून हे तुझ्या संग्रहालयाच्या पत्त्यावर, आणि पाकीट मुद्दाम न चिकटवता. टपाल घेणारी बाई वाचेल, शिपाई वाचेल, चहावाला वाचेल. वाचू देत. तुझ्या खात्यातली निदान एक वस्तू तरी लोकांना उघडी मिळू दे.

परवा आई फोनवर म्हणाली, "भिंगरी, बघ रे, बाबांचा ठसा भिंतीवर लावलाय." (शिपाईमामा, तुमच्यासाठी सांगतो: भिंगरी म्हणजे मी. लहानपणापासून एका जागी बूड टेकत नाही म्हणून हे नाव. ज्यांच्या टेबलावर तुम्ही हे पत्र ठेवणार ते माझे सख्खे थोरले भाऊ.) तिने फोन भिंतीकडे वळवला. तळहाताएवढं चित्र. बाबांनी लाकडात कोरलेला हरिणीचा ठसा. आणि हरिणीच्या अंगावरून तिरक्या करड्या अक्षरांत तुमच्या संग्रहालयाचं नाव, वरपासून खालपर्यंत, चोरीच्या बैलावर डाग द्यावा तसं.

"हे काय गं?" मी म्हटलं.

"ते असतंच म्हणे. दादाने तेवढंच दिलं. मोठं, स्वच्छ चित्र हवं असेल तर अर्ज करावा लागतो."

"मग केलास का अर्ज?"

"केला की. नामंजूर झाला. कारण विचारलं होतं, मी लिहिलं, भिंतीवर लावायला. ते कारण त्यांच्या कारणांत बसत नाही."

खाली सही कुणाची होती ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अक्षरं जाऊ दे रे, नजर सरावते."

चित्रखात्यात साहेब कोण आहे, दादा? आईच्या अर्जावर नामंजूरची सही करताना पेन नीट चाललं का?

बाबा ठसे कोरायचे आणि आई कापडावर छापायची. त्या दोघांनी आपल्याला त्याच्यावर वाढवलं. बाबा गेले तेव्हा मी या कापडाच्या गिरणीत चार पैसे गाठीला बांधायला आलो होतो, परत येऊन ठसे घेऊन बसायचं असं ठरवून. तू तेवढ्यात टेम्पो लावलास आणि पेटीच्या पेटी संग्रहालयाला देऊन आलास. "घरी वाळवी लागेल, तिथे सुरक्षित राहतील." ठसे काचेत सुरक्षित झाले आणि तू नोकरीत कायम झालास. पाटीवर बाबांचं नाव, खाली दाता म्हणून तुझं. आई कुठेच नाही.

तेव्हा मी शिव्या दिल्या, तू फोन बंद केलास, संपलं. आता नुसत्या शिव्या देणार नाही. त्या चित्रांवर तू जे कुलूप लावून बसलायस ते मी तोडणार, आणि आईला तुझ्या घरातून बाहेर काढून माझ्याकडे आणणार. कसं ते मला अजून माहीत नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी आहे.

तुझा,
नाही, कुणाचाच नाही.
भिंगरी


२ मार्च

दादा,

तुझं उत्तर येणार नव्हतंच. पण तुमच्या टपालवाल्या बाईंनी माझं पत्र वाचून दुसऱ्या टेबलावर दिलं आणि तिथून ते मोठ्या बाईंपर्यंत गेलं, हे मला आईकडून कळलं. मोठ्या बाई म्हणजे तुमच्या संग्रहालयाच्या मुख्य. वहिनी घरी आदळआपट करत होती म्हणे, "तुमच्या भावाने आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली." मी पाकीट फक्त उघडं ठेवलं होतं, वहिनी. चव्हाटा तुमच्या ऑफिसातच होता.

आता पेपरात आलंय की संग्रहालय सगळ्या वस्तूंची चित्रं लोकांना खुली करायची की नाही यावर जाहीर सभा घेणार आहे. कुणीही बघावं, उतरवून घ्यावं, छापावं, वाटेल ते करावं, अर्ज नाही, परवानगी नाही. आणि त्याच बातमीत तुझा फोटो, कोट घातलेला. "खुलं केलं तर मोठ्या गिरण्या गरीब कारागिरांची नक्षी लुटून नेतील." वा! वाचून मला आधी वाटलं, माणूस सुधारला.

मग आमच्या गिरणीत काय झालं ते ऐक. आमची डिझाइनवाली बाई गळ्यात रेशमी रुमाल घालून आली. मी यंत्राच्या शेवटी उभा असतो, छापलेलं कापड वाळून बाहेर येतं तिथे डाग शोधत. डोळ्याला सवयच लागलीय. बाई शेजारून गेली आणि रुमालावर बाबांची हरीण. मागे बाबांचं पाडस. दोन जोड्यांच्या मधे बाबांचं झाड.

"बाई, हा कुठला?"

"संग्रहालयाच्या दुकानातला. छान आहे ना? तिथेच मिळतो फक्त. दुसऱ्या कुणाला छापायची परवानगीच नाही."

कोपऱ्यावर लेबल होतं. लेबलावर, छापून देणारं म्हणून, वहिनीच्या कापडदुकानाचं नाव.

माझ्या खोलीत एक रंगारी राहतो, गिरणीत रंग कालवतो, कोपरापर्यंत हात कधी निळे कधी तांबडे. त्याला सांगितलं तर पोट धरून हसला. "तुझ्या भावाने कुंपण घातलं, आणि आत चरायला घरचीच गाय सोडली! हुशार आहे गड्या. तू कुणावर गेलास?"

तर आता मला समजलं की कारागिरांची तुला एवढी काळजी का. लुटू नका, मी लुटतोय, रांगेत या. असंच ना?

सभेला मी माझं म्हणणं लिहून पाठवलं आहे. आणि आईला सांगितलंय, तू उठून बोल. ती म्हणाली, "मी काय बोलू, मला भाषण येतं का?" मी म्हटलं, भाषण नको, अर्जाचं सांग. तिने विचारलं, "दादा समोर असेल का रे?"

म्हटलं, असेल. समोरच असेल.

रुमालाचं मी तिला सांगितलेलं नाही. अजून नाही. हत्यार एकदम सगळं बाहेर काढायचं नसतं.

भिंगरी


२८ मार्च

दादा,

तुमच्या संग्रहालयाने सभा मोबाईलवर दाखवली हे फार बरं केलं. सुट्टीचा वार होता. रंगाऱ्याने फोन बादलीला टेकवून उभा केला, मुकादमसुद्धा येऊन बसला. तू मंचावर, पाण्याच्या बाटलीमागे. बाटलीचं झाकण तू किती वेळा उघडलंस आणि लावलंस, आम्ही हसत होतो.

आधी कोण कोण शिकलेले लोक बोलले. ते मला अर्धं कळलं. मग आई उठली. माईक तिच्या उंचीला कुणी खाली केला नाही, तर तिनेच मान वर केली.

"मी चित्रखात्याच्या साहेबांची आई." हॉल हसला. ती हसली नाही. "ठसे माझ्या नवऱ्याने कोरले. छापले मी. काचेत ठेवलेत ते ठसे, त्यांच्या मुठी बघा, माझ्या तळव्याने गुळगुळीत झाल्यात. मी माझ्या नवऱ्याच्या कामाचं चित्र मागितलं तर मला लेखी कळवलं की माझं कारण बसत नाही. कुणाचं बसतं?"

बस. एवढंच बोलून ती खाली बसली. आमचा मुकादम म्हणाला, "बाई आहे की तोफ?" मी म्हटलं, माझी आई आहे. छाती अशी फुगली होती की विचारू नकोस.

मग तू उठलास. तू बोललास ते वाईट नव्हतं, हे मी पाकीट उघडं असूनही लिहितो. गिरण्यांचं बोललास. पण तेवढ्यात मोठ्या बाईंनीच सगळ्यांसमोर विचारलं की दुकानातल्या रुमालांचा परवाना कुणाच्या नावे आहे. त्यांना कुणी सांगितलं असेल बरं? तुझ्या हातातलं झाकण खाली पडलं आणि घरंगळत मंचाच्या कडेपर्यंत गेलं. आईने तुझ्याकडे बघितलं नाही. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. तिला ते तिथेच, सगळ्या लोकांत कळलं.

हो, मी तिला आधी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. तुझं तोंड बघायचं होतं.

शेवटी एक म्हातारी विणकर बाई उठली होती. तिच्या खेड्यातल्या बायकांच्या नक्षीचं बोलत होती. "चित्र उघडं पडलं की आमचं काम संपलं, मशीन एका दिवसात ते करतं." आणि रडायला लागली. मी तेव्हा भांडी घासायला उठलो. तिचं मला काही लिहू नकोस.

निकाल लागला. सगळं खुलं. परवाना रद्द. पहिलं कुलूप तुटलं, दादा. दुसरं राहिलं आहे. मी खिडकी असलेली खोली बघतोय. आईला उजेड लागतो.

भिंगरी


१९ जून

दादा,

तुझं पाकीट मिळालं. पत्र नाही, नुसता पडद्याच्या कापडाचा तुकडा आणि मागे पेनाने, "झालं समाधान?"

तो तुकडा कुठे छापलाय ते ओळखलंस ना? किनारीवर आमच्या गिरणीची खूण आहे. तो तागा माझ्या हाताखालून गेलेला असणार.

चित्रं खुली झाली त्याच आठवड्यात आमच्या डिझाइनवाल्या बाईने ती उतरवून घेतली. मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, तीही सगळ्यांतलीच. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणी. पायपुसणीसुद्धा, दादा. यंत्र सकाळी सुरू होतं आणि बाबांची हरणं पाण्यासारखी वाहत येतात.

आणि सगळी उलटी.

तुला कळलं का तुकडा बघून? तू कधी छापायला बसलाच नाहीस, तुला पुस्तकं होती. ठशावर नक्षी उलटी कोरलेली असते, तेव्हा ती कापडावर सुलटी पडते. तुम्ही फोटो ठशाच्या तोंडाचे काढले. हरीण, पाडस, झाड यांचे ठसे वेगवेगळे; बाईने ते एकेक जसेच्या तसे कापडावर घेतले आणि रांग मात्र रुमालातलीच ठेवली, डावीकडे पाडस, उजवीकडे हरीण, मग झाड. वहिनीने रुमालाला निदान आईची जुनी चादर बघून छापलं होतं, म्हणून ते बरोबर होतं. बाबांच्या कापडावर हरीण चालता चालता मान वळवून पाडसाकडे बघते. आमच्या पडद्यावर पाडस आपलं एकटं पुढे निघालंय आणि हरीण त्याच्यावरून तोंड फिरवून झाडाशी बोलत बसलीय.

मी मुकादमाला सांगायला गेलो.

"साहेब, नक्षी उलटी छापतोय आपण."

"डाग आहे का?"

"डाग नाही. हरीण पाडसाकडे बघायला पाहिजे."

"बघेल बघेल. पडद्याला चुण्या पडल्या की कोण कुणाकडे बघतं काय कळतं? तू डाग बघ."

रंगारी म्हणाला, "तुझ्या बापाच्या हरणांवर तुझाच पगार निघतोय, वर बोंबलतोस कशाला?" दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. एकाच खोलीत न बोलता राहणं किती अवघड असतं ते तुला काय सांगू, तू त्यात मुरलेला आहेस.

तू म्हणशील, बघ, मी सांगत होतो. हो, सांगत होतास. पण लांडगा आला म्हणून ओरडणारा स्वतःच कळपात बसून खात होता, म्हणून कुणी ऐकलं नाही. हे पाप निम्मं तुझ्या खात्यावर मांड. बाकीच्या निम्म्याचं मी बघतो.

वहिनीचं दुकान बंद झालं असं ऐकलं. रस्त्यावर चादरीच्या भावात तीच हरणं मिळायला लागल्यावर रेशमी रुमाल कोण घेणार? ते ऐकून मी शेंगदाणे आणून खोलीत सगळ्यांना वाटले. खोटं कशाला बोलू?

आईलाही बाजारात तो पडदा दिसला. मला वाटलं रडेल. फोनवर म्हणाली, "हरिणीने तोंड फिरवलंय रे."

"चूक आहे आई ती, मी मुकादमाला सांगितलं..."

"असू दे. तुझ्या बाबांची हरीण जन्मभर मागेच वळून बघत होती. मान दुखत असेल तिची."

हे मला आवडलं नाही. पण एक कळलं, की तिचं मन तुझ्या घरातून उठलंय. खोली मिळाली आहे. खिडकी पूर्वेला. पुढच्या महिन्यात तिला घ्यायला येतो.

भिंगरी


४ जुलै

दादा,

आता बरं फोन करायला सुचलं! सकाळपासून वाजवतोयस. मी उचलणार नाही. तुझ्या मोबाईलवर एक ओळ टाकलीय, तीच इथे शाईने लिहितो म्हणजे तुमच्या ऑफिसलाही कळेल.

आई माझ्याकडे आहे.

तू उठलास तर तिचं अंथरूण घडी केलेलं होतं आणि भिंतीवरचं चित्र उलटं टेकवून ठेवलेलं होतं, असं तू शेजारच्यांना विचारत फिरतोयस म्हणे. विचार. माझी आई तुझ्या घरातून बाहेर पडली. मी जानेवारीत म्हटलं होतं ते झालं.

ती बरी आहे. खिडकीत बसते. तुझं नाव काढत नाही. तिचा फोन लागत नाही कारण इथे रेंज नसते. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या तिने बरोबर घेतल्यात की तिथेच राहिल्या, तेवढं मात्र ताबडतोब कळव. म्हणजे, तिला आठवत नाहीये म्हणून विचारतो. आणि तिने कुठली पिशवी नेली, निळी की काळी? आणि निघताना शेजारच्या काकूंना काही बोलली होती का, कुठल्या गाडीचं?

लवकर कळव.

भिंगरी


१३ जुलै

दादा,

आई माझ्याकडे नव्हती. कधीच आली नव्हती.

तुला वाटत होतं ती इथे आहे. मला आधी वाटलं की तूच तिला कुठे ठेवून नाटक करतोयस. मग तुझा उतरलेला आवाज ऐकला. हो, तू ठेवलेले निरोप मी ऐकत होतो, सगळे. तरी तुला सांगितलं नाही की मीही तिला शोधतोय. गिरणीतून तीन खाडे केले, स्टेशनांवर विचारलं, दवाखान्यांत विचारलं. आणि तू झोपला असशील, आई भिंगरीकडे सुखात आहे असं समजून जळत असशील, याच्यावर मी ते दिवस काढले. असा तुझा भाऊ आहे. तू घडवलेला.

काल मावशीचा फोन आला. आई तिच्याकडे आहे. मावशीला तिनेच बजावलं होतं, "दोघांनाही कळवू नकोस, थोडे हिंडू देत."

मी आईला फोनवर बोलावलं. तिची काय ती हकिगत ऐक, कारण तुलाही ती हेच सांगणार, किंवा सांगणारही नाही.

घर सोडायच्या महिनाभर आधीच कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन तिने तिथल्या पोराकडून बाबांच्या ठशांची चित्रं काढून घेतली. फुकट, स्वच्छ, अंगावर अक्षरं नाहीत. चित्रात ठशाशेजारी मोजपट्टी ठेवलेली असते ना तुमची, तीवरून तिने ती मूळ मापाची छापून घेतली. मग ते कागद मावशीच्या हाती तिच्या शेजारच्या सुताराला धाडले आणि लाकडावर चिकटवून जसेच्या तसे कोरायला लावले. ठसा कोरायचा तर ते चित्र बरोबरच आहे, दादा. चुकलं ते थेट कापडावर घेणाऱ्यांचं. सुताराचा हात बाबांचा नाही, पाडसाचा एक कान जाड झालाय म्हणाली. पण पडतं सुलटं. मावशीच्या मागच्या पडवीत टेबल मांडून ती छापते आणि पुढच्या ओट्यावर दुकान मांडून विकते.

मी म्हटलं, "आई, मला सांगायचं होतंस. मी खोली घेतली होती. खिडकी पूर्वेला."

"तू खोली माझ्यासाठी घेतलीस की दादाला दाखवायला?"

मी भाडं किती भरलंय ते सांगायला लागलो.

"त्याने मला काचेत ठेवलं, तू मला सभेत उभं केलंस. सुनेच्या रुमालाचं तुला आधी ठाऊक होतं ना रे? माझ्या पोटची दोन पोरं, आणि मला ते परक्या बाईच्या तोंडून कळलं, सगळ्या गावासमोर." पुढे म्हणाली, "चित्रं सगळ्यांसाठी खुली झाली म्हणे. मग मीही सगळ्यांतलीच. मला तुम्हा दोघांपैकी कुणाची परवानगी लागली नाही."

"मी येऊ का तिकडे?"

"ये की. दुकान उघडंच असतं. गिऱ्हाईक येतं तसा ये."

"दादालाही हेच सांगणार का?"

"त्याला काय वेगळं सांगायचंय? तोही गिऱ्हाईकच."

मागे पडवीत ठसा आपटल्याचा आवाज येत होता, मावशी छापत असावी. आई मधेच तिला ओरडली, "अगं हलकं, रंग फुटेल!" आणि मला म्हणाली, "ठेवते. हात ओले आहेत." आणि ठेवला.

तेव्हा आता तुझ्याशी भांडायला माझ्यापाशी आई नाही, आणि तुझ्यापाशीही नाही. याने आपलं मिटलं असं मनात आणू नकोस. वहिनीचं दुकान बुडाल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही, मी प्रयत्न करून बघितला.

रविवारी मी मावशीकडे जातोय. तू पण जाणार हे मला ठाऊक आहे, पत्ता तुलाही आहे. बोलणार मी नाही. पण दुकानापुढे रांग असली तर तुझ्या पुढे उभा राहणार, त्यासाठी रात्रभर उभ्याने प्रवास करावा लागला तरी चालेल.

भिंगरी